तुझी खूण, माझं पुस्तक

राबात, मंगळवार

प्रिय रकिया,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं नसशील. ओळखणार कशी? मी तुमच्या घरी अकरा महिने राहिले तेव्हा तू माझ्या वह्यांकडे बघून म्हणायचीस, ही शहरवाली दिवसभर मुंग्या मारते आणि कागदावर चिकटवते. आता तू स्वतः वाचतेस. मशिदीमागच्या वर्गात चार हिवाळे बसून शिकलीस, तेही पन्नाशीत, हे मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं. म्हणून हे पत्र फ्रेंचमध्ये लिहिलं नाही, आणि ज्या गुळगुळीत अरबीत मी आयुष्यभर सरकारी कागद लिहिले तिच्यातही नाही. तुझ्या स्वयंपाकघरात आपण बोलायचो तसं लिहायला बसले आहे. अडखळले तर समजून घे. तसं बोलायची सवय मोडून खूप वर्षं झाली.

तू वाचायला शिकलीस हे विदादनं सांगितलं. ती माझ्यासमोर बसली होती हे तिनं घरी सांगितलं असेलच. परराष्ट्र सेवेच्या निवडीची मुलाखत, पाच जणांचं मंडळ, त्यातली एक मी. काल लागलेली तात्पुरती यादीही तुम्ही पाहिली असेल. बारा जागा, आणि तुझी मुलगी तेरावी. दोन गुणांनी राहिली. अंतिम यादी शुक्रवारी लागेल. अशा आठवड्यात तुमच्या घरात काय चाललं असेल, ती जेवत असेल की नाही, तू तिच्याशी काय बोलत असशील, याचा विचार मनात येतो आणि मी तो अर्ध्यात थांबवते. त्या घराबद्दल असा विचार करण्याचा हक्क मी फार पूर्वी घालवला आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण तू विचारलं असतंस. केस पूर्ण पांढरे झाले, रंगवत नाही. गुडघे कुरकुरतात. आई जाऊन सहा वर्षं झाली. शेवटी शेवटी तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण तू आणलेले अंजीर तिच्या लक्षात होते. ती पोटुशी बाई पुन्हा आली नाही का, असं विचारायची. लग्न राहूनच गेलं. एप्रिलमध्ये मी सेवेतून निवृत्त झाले. आता आठवड्यातून दोन दिवस संस्थेत राज्यशास्त्र शिकवते, आणि निवृत्त राजदूत म्हणून अशा मंडळांवर मला बोलावतात. मुलं मला घाबरतात असं ऐकते. तू हे ऐकून किती हसली असतीस. तुझ्या घरी मला घाबरणारी एक कोंबडीसुद्धा नव्हती.

तिगमीराला मी आले तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, आणि मला वाटायचं की मला सगळं ठाऊक आहे. विद्यापीठात संपांवर वीस पुस्तकं वाचली होती. खाणीची वसाहत पहिल्यांदा पाहिली ती तुझ्या नवऱ्याच्या, मीमूनच्या पाठोपाठ चालत, हातात बॅग, बुटांत कोळशाचा चिखल. तुझ्या सासूबाईंनी, लल्ला यामनांनी, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि तुला म्हणाल्या की हिला आधी खायला घाल, प्रश्न नंतर विचारू दे, उपाशी माणसाचे प्रश्न वाकडे असतात. तू माझ्यापुढे तेल आणि गरम पाव ठेवलास. त्यानंतर अकरा महिने मी तुमच्यात होते. तू पीठ मळायचीस आणि मी विचारायची, आणि तू म्हणायचीस की हात रिकामे ठेवून विचारलेलं मी ऐकत नाही. मग मीही मळायला लागले. माझा पहिला पाव भट्टीत गेला तो दिवस आठवतो? वसाहतीत सगळ्यांचे पाव बूजमाच्या एकाच भट्टीत भाजले जात. कुणाचा कुठला हे कळावं म्हणून प्रत्येक घर कच्च्या पावावर आपली खूण दाबायचं. पाहुणी म्हणून लल्ला यामनांनी मला माझी वेगळी खूण दिली, अंगठ्याचा एक खड्डा. बूजमानं फावड्यावर तो पाव बाहेर काढला आणि रांगेतल्या सगळ्या बायकांसमोर ओरडून विचारलं की हा राबातचा पाव कुणाचा, हिनं अंगठा दाबलाय की टाच?

तुझी खूण मला कधीही, कुठेही, डोळे मिटून काढता येईल. तीन बोटांच्या गाठी एका रांगेत, आणि शेजारी चहाच्या पेल्याच्या काठानं उठवलेली अर्धी कोर.

मग तो संप झाला. त्रेचाळीस दिवस. पुरुषांच्या समितीतली माणसं पहिल्याच आठवड्यात धरली गेली आणि सगळं तुम्हा बायकांवर आलं. दारादारांत पहारा, दोघी एकत्र उभ्या राहिल्या तरी चौकशी. तेव्हा पावाची ती युक्ती लल्ला यामनांना सुचली. भट्टीच्या रांगेत त्या सगळ्यांत पुढे बसायच्या, म्हातारी, पाय दुखतात म्हणून. आणि जाता येता प्रत्येकीच्या फळीवरच्या एका पावाच्या कडेला बारीकशी दुसरी खूण दाबायच्या, त्या दिवशीच्या घराची. पाव घरी गेला की कळायचं, आज दुपारी कुणाच्या घरी जमायचं. पहारेकरी फडकं उचलून बघायचे आणि त्यांना पाव दिसायचा. मी ते सगळं पाहिलं. तुम्ही मला पाहू दिलंत. लल्ला यामना मला म्हणाल्या, "लिही, पोरी. पण आम्हाला त्यात ठेवू नकोस." मी छातीवर हात ठेवून म्हटलं की एकाही बाईचं नाव येणार नाही, गावाचंही येणार नाही.

मी शब्द पाळला, रकिया. हेच तर सगळ्यात वाईट आहे. पुस्तकात गावाचं नाव बदललं, तुमची नावं काढून टाकली, तुम्हाला आकडे दिले. तू सात नंबर होतीस. मीमून कुठे काम करतो तेही बदललं. माझे मार्गदर्शक म्हणाले की इतकी काळजी घेणारी विद्यार्थिनी त्यांनी पाहिली नाही. आणि शेवटी, पान एकशे बारावर, मी त्या खुणांची चित्रं छापली. सुबक, शाईनं काढलेली, एका तक्त्यात. कुठली खूण किती दिवस वापरली गेली. तीन गाठी आणि अर्धी कोर: त्रेचाळीसपैकी एकोणतीस दिवस. तो तक्ता म्हणजे माझा शोध होता, माझा अभिमान होता. नाव म्हणजे जे कागदावर लिहितात ते, असं मी शिकले होते. तुमच्याकडे अकरा महिने पाव खाऊनही मला हे कळलं नाही की तिगमीरात ती खूण म्हणजेच नाव होतं. अडाणी कोण होतं मग, तू की मी?

पुढचं तुला माहीत आहे, पण मला ते कसं कळलं हे सांगते. कंपनीच्या कचेरीतला एक तरुण अधिकारी आमच्याच विद्यापीठात शिकलेला होता. त्यानं पुस्तक वाचलं, पान फाडलं आणि बूजमाला नेऊन दाखवलं. बूजमा बिचारा खूष झाला. आपल्या भट्टीच्या खुणा पुस्तकात आल्या म्हणून त्यानं एकेक बोट ठेवून सगळी घरं सांगितली. मीमूनचं नाव हजेरीपटावरून गेलं आणि वसाहतीतली खोली आठ दिवसांत सोडायला सांगितली. हे सगळं मी तुझ्याच तोंडून ऐकलं. फेब्रुवारीतला शुक्रवार होता, सकाळी दहाचा सुमार. दार वाजलं, आईनं उघडलं आणि दारात तू होतीस, सातवा महिना, पायांवर सूज, हातात वाळलेल्या अंजिरांची पिशवी. अख्खा देश ओलांडून तू बसनं आली होतीस.

तू रडली नाहीस. मला शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. तू चहा घेतलास, आईच्या दुखण्याची चौकशी केलीस आणि मग म्हणालीस की एक काम आहे, तुझ्यासाठी अगदी सोपं. कचेरीतला मोठा साहेब म्हणाला होता की पुस्तक लिहिणारी बाई जर लिहून देत असेल, की ही चित्रं तिनं मनानं काढली आहेत, या वसाहतीतल्या कुठल्याही घराची नाहीत, तर तो मीमूनची फाइल पुन्हा उघडेल. "दोन ओळी, लल्ला झोहर," तू म्हणालीस. "तू तर इतकी पानं भरतेस."

त्या दिवसापासून बाराव्या दिवशी माझी मंत्रालयात मुलाखत होती. तुला मी ते सांगितलं नाही. त्या वर्षी पहिल्यांदाच इतक्या बायकांना बोलावलं होतं, आणि मला बोलावलं होतं ते त्या पुस्तकामुळे. पान एकशे बाराची सगळीकडे चर्चा होती. ती चित्रं मनानं काढली आहेत असं मी सहीनिशी लिहून दिलं असतं तर माझं संशोधन खोटं ठरलं असतं, पदवी गेली असती, पुढचं सगळंच गेलं असतं. मी खोलीत जाऊन दार लावलं आणि टेबलाशी बसले. मी खोटं कसं लिहू, असं मी स्वतःला विचारलं. काय सोय झाली माझी त्या प्रश्नानं. तू बाहेर आईबरोबर शुक्रवारचा कुसकुस खात होतीस, आणि मी आत बसून खरेपणाच्या आड लपले होते.

मी लिहिलेलं ते वाक्य मला आजही पाठ आहे. "लेखिका हे नोंदवू इच्छिते की, प्रस्तुत ग्रंथातील चिन्हे स्थानिक प्रथेची उदाहरणे म्हणून दिलेली असून, त्यांवरून कोणत्याही विशिष्ट कुटुंबाविषयी निष्कर्ष काढणे हा अभ्यासाचा हेतू नव्हता." वाच पुन्हा. आता तुला वाचता येतं. त्यात खोटं एक अक्षर नाही, आणि तुझ्या उपयोगाचंही एक अक्षर नाही. मी खाली सही केली, विभागाचा शिक्का मारलेला कागद वापरला आणि बाहेर आले. तू हात पुसून कागद घेतलास, कपाळाला लावलास आणि मला विचारलंस, "ह्यात आहे ना, मी सांगितलं ते?"

मी म्हणाले, "आहे."

खोटं लिहिणार नाही म्हणणारी मी, तुझ्या तोंडावर खोटं बोलले. कारण तू वाचू शकत नव्हतीस. तू माझ्या खांद्याचं चुंबन घेतलंस आणि दुपारच्या बसला निघालीस. तू गेल्यावर आईनं विचारलं, तिनं मागितलं ते दिलंस ना? दिलं, म्हटलं. चार महिन्यांनी तुमच्या शाळेतले एक मास्तर इथे परिषदेला आले होते. त्यांच्याकडून कळलं की कचेरीत तो कागद कारकुनानं मोठ्यानं वाचला, मग पुन्हा वाचला आणि तुला विचारलं की बाई, हा कागद कुणाच्या बाजूनं आहे? सगळे हसले. तू तो घडी करून परत घेतलास आणि घरी आलीस. मला तू एक शब्द कळवला नाहीस. त्या मास्तरांनीही मला दोष दिला नाही. त्यांना वाटलं, बाईंनी आपल्या परीनं प्रयत्न केला.

मुलाखतीत मी निवडले गेले. त्यानंतरची माझी कारकीर्द लोकांच्या दृष्टीनं फार चांगली झाली. डाकारला पाच वर्षं, मग व्हिएन्ना, मग जिनिव्हा दोनदा, शेवटी राजदूत. कितीतरी सभागृहांत मी एकटी बाई असायची. मला चहा आणायला सांगणारे होते, माझ्या भाषणाच्या वेळी उठून जाणारेही होते. ते सगळं मी सोसलं, जिंकलं, आणि त्याचा मला अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू. पण माझं नाव झालं ते एका गोष्टीमुळे. दोन देश एखाद्या शब्दावर अडून बसले, पहाटेपासून वाद चालू असला, की कुणीतरी म्हणायचं, झोहरला बोलवा. आणि मी असं वाक्य लिहून द्यायची की दोन्ही बाजू मान हलवायच्या आणि कुणालाच काही करावं लागायचं नाही. सहकारी त्याला झोहरचं वाक्य म्हणायचे. ते कौतुक करायचे तेव्हा मी हसायची. पहिलं झोहरचं वाक्य कुणाला लिहून दिलं होतं, हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. 

तुझी चौकशी मी कधी केली नाही. करता आली असती. तिगमीरा काही चंद्रावर नाही. दरवर्षी वाटायचं, यंदा जाऊ. मग एखादी बदली यायची आणि मला बरं वाटायचं.

तर, विदाद. उमेदवार आत यायच्या आधी आमचे अध्यक्ष सी तोहामी प्रत्येक वेळी नाव वाचतात आणि विचारतात, कुणा सदस्याची उमेदवाराशी किंवा कुटुंबाशी ओळख? ओळख असली तर त्या सदस्यानं बाहेर जायचं, एवढाच नियम आहे. सरळ माणूस आहे, स्वतःच्या भाच्याच्या वेळी तो दीड तास व्हरांड्यात बसला होता. त्यानं वाचलं, विदाद, वडील दिवंगत मीमून, राहणार तिगमीरा. मीमून गेला, हे मला त्या दिवंगत शब्दानं कळलं. त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले. मग दार उघडलं आणि ती आत आली. तुझी चाल, रकिया. लल्ला यामनांची हनुवटी.

ती फार चांगली बोलली. मी तीस वर्षांत शेकडो मुलं पाहिली, तिच्याइतकी स्वच्छ विचार करणारी थोडी. पाणीवाटपाच्या करारावर तिला विचारलं तेव्हा तिनं आधी नदीकाठच्या लोकांचं सांगितलं आणि मग कलमांचं. सी तोहामींनी तिला विचारलं की खाणीच्या गावातली मुलगी या सेवेकडे कशी वळली. ती म्हणाली की आमच्या घरात कुराण सोडून एकच पुस्तक होतं, फ्रेंच, कुणालाच वाचता न येणारं, आईनं ते कापडात गुंडाळून फळीवर ठेवलं होतं. ते वाचता यावं म्हणून मी फ्रेंच शिकले. मग माझ्याकडे बघून ती लाजली आणि म्हणाली, "ते बाईंचं पुस्तक आहे. आई सांगते, बाई आमच्या घरी राहायच्या. आमच्या पावाचं चित्र त्यांनी छापलंय."

तू तिला एवढंच सांगितलंस. अठ्ठावीस वर्षांत एवढंच. पुस्तक जाळलं नाहीस, कापडात गुंडाळून ठेवलंस. सी तोहामी हसून माझ्याकडे वळले, म्हणजे तुमची ओळख आहे तर? आणि मी, जिला कुठल्याही पेचात वाक्य सापडतं, मी म्हणाले, "संशोधनात पुष्कळ घरं पाहिली. हे नेमकं घर आठवत नाही."

तिनं मान खाली घातली. साहजिक आहे, असं म्हणाली, अगदी शांतपणे. मग मला काय झालं कोण जाणे, तिला काहीतरी माहीत असावं असा संशय मनात आला, आणि मी मुद्दाम विचारलं की त्या पुस्तकातली त्रुटी सांगा. ती म्हणाली की बाईंनी नावं बदलली, पण खुणा बदलल्या नाहीत, आणि आमच्याकडे खुणेवरून माणूस ओळखतात. मी विचारलं, तुम्ही काय केलं असतं? "आधी विचारलं असतं," ती म्हणाली. "ज्यांची खूण आहे त्यांना."

तिच्या आवाजात टोचणी नव्हती. आता मला खात्री आहे की तिला काहीच ठाऊक नाही. पण त्या खोलीत मला तसं वाटलं नाही. मुलाखत संपल्यावर ती व्हरांड्यात थांबली होती. मीमून कंपनीबाहेर लोकांनी खणलेल्या विहिरीसारख्या खड्ड्यांत कोळसा खणत राहिला आणि छाती भरून नऊ वर्षांपूर्वी गेला, तू वाचायला शिकलीस, हे तिनं तिथे उभ्या उभ्या सांगितलं. मग म्हणाली, "आईनं तुम्हाला सलाम सांगितलाय. पण तुम्हाला घर आठवत नाही म्हणालात. मग कुणाचा म्हणून सांगू?" मी उलट सलाम म्हटलं आणि लिफ्टकडे निघाले. तिनं दार उघडं धरलं माझ्यासाठी. गुडघ्यांमुळे मी हळू चालते ना.

आता मी हे का लिहिते आहे ते सांगते. तिचे दोन गुण कुठे गेले हे मला माहीत आहे. विवेक आणि संयम अशा एका रकान्यात वीसपैकी गुण द्यायचे असतात. चौघांनी तिला पंधरा-सोळा दिले. मी आठ दिले, आणि शेऱ्यात लिहिलं, हुशार, पण स्वरात धार. निवडली गेली तर प्रशिक्षणाला ती आमच्याच संस्थेत येईल, दर आठवड्याला समोर दिसेल, याची मला भीती वाटली, बस, इतकंच कारण होतं. उद्या बुधवारी दुपारपर्यंत हे पत्र बसच्या टपालानं तुझ्या हातात पडेल. परवा, गुरुवारी सकाळी दहा वाजता, मी सी तोहामींच्या हातात एक निवेदन देणार आहे. चार ओळी आहेत: उमेदवाराच्या घरी मी अकरा महिने राहिले, विचारल्यावर ते लपवलं, तिला दिलेले गुण भीतीपोटी दिले, ते रद्द करावेत आणि माझ्याशिवाय तिची पुन्हा मुलाखत घ्यावी. ही चार वाक्यं कुणालाही दोनदा वाचावी लागणार नाहीत. शुक्रवारची यादी थांबेल, विदादला बोलावणं येईल, तिनं तयारी सोडू नये. भीती कसली, हे मी निवेदनात लिहिलेलं नाही. पण ती घरी येऊन तुला विचारेलच, आणि तू इतकी वर्षं जे तिच्यापासून सांभाळून ठेवलंस ते माझ्यामुळे पुन्हा एकदा उघड्यावर येईल. निवेदन देऊ का, हे मी तुला विचारत नाही, ते तिचं आहे आणि ते मी देणारच. तिला काय सांगायचं, ते मात्र तुझं आहे, म्हणून या वेळी आधी विचारते. हे पत्र तिला वाचायला दे, किंवा चुलीत घाल. मी येऊन तिला तुझ्यासमोर सांगावं असं वाटत असेल तर एका शब्दानं कळव. मी सकाळची बस धरेन, आणि तू आत ये म्हणेपर्यंत दारातच उभी राहीन.

तुझीच,
झोहर